गुरुजींचा गोतावळा

शिक्षकाने कोणाला शिकवावे याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. त्याने कसे शिकवावे याविषयी तर परिपत्रकांचा पाऊस पडत असतो. परंतु शिक्षक स्वतः कोणाकडून शिकतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. डी.एड. वा बी.एड.चे प्रमाणपत्र हाती पडले म्हणजे त्याचे शिकणे संपले, अशी सोयीस्कर समजूत समाजाने करून घेतली आहे. वास्तविक खरे शिकणे त्यानंतरच सुरू होते. पहिल्या दिवशी वर्ग हाताबाहेर गेला की नवख्या बाई शेजारच्या वर्गातील जुन्या बाईंचा सल्ला घेतात. अपूर्णांक मुलांच्या गळी उतरेनासे झाले की गुरुजी आपल्या एखाद्या मित्राला फोन करतात. मधल्या सुट्टीतला स्टाफरूममधील चहा, केंद्राची शिक्षण परिषद, संघटनेचे अधिवेशन, विषयशिक्षकांचे मंडळ, मोबाइलवरचा गट, एखादे शैक्षणिक मासिक, कधीतरी मनापासून ऐकलेले व्याख्यान अशा अनेक धाग्यांतून शिक्षकाभोवती माणसांचे एक जाळे विणले जाते आणि त्या जाळ्यातच शिक्षक घडतो. आम्ही त्याला शिक्षकाचा गोतावळा म्हणतो. हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. गोतावळा म्हणजे आपल्या गोतातली माणसे, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या प्रकारची माणसे शिक्षकाच्या गोतावळ्यात नसतात, त्या प्रकारच्या घरांतील मुले त्याच्या वर्गातूनही हळूहळू नाहीशी होतात. हजेरीपटावर त्यांचे नाव असते, खिचडीच्या रांगेत त्यांची थाळी असते, पण शिकवण्याच्या हिशेबात ती नसतात. शिक्षकाला त्यांच्याविषयी आकस असतो असे नव्हे. त्याला त्यांच्याविषयी काही ठाऊक नसते, आणि ठाऊक करून देणारे कोणी त्याच्या जवळपास फिरकलेले नसते. अज्ञान हे दुष्टपणापेक्षा सभ्य दिसते, म्हणूनच ते अधिक काळ टिकते. सर्वसमावेशक शिक्षणाची घोषणा प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवलेली आहे. त्या भिंतीआड शिक्षकाच्या स्वतःच्या शिक्षणात कोणकोण सामावले आहे, याची झडती घेतल्यावाचून त्या घोषणेला अर्थ नाही. आणि ही झडती आपल्या ख्रिस्ती संस्थांच्या शाळांपासून सुरू व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

भिंती कशा उभ्या राहतात

पालघर जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा आठ तालुक्यांचा आहे. वसईच्या किनाऱ्यापासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंत तो पसरला आहे. या पट्ट्यात घरी सामवेदी, वाडवळी, आगरी, मांगेली, वारली, कातकरी, गुजराती, उर्दू आणि हिंदी बोलणारी मुले शाळेत येतात. त्यांपैकी डोंगरातल्या पाड्यावरील एका मुलीचा प्रवास डोळ्यांपुढे आणावा. तिची पहिली शिक्षिका म्हणजे अंगणवाडी सेविका. ती महिला व बालविकास विभागाची. पुढे पाड्यावरील जिल्हा परिषदेची शाळा. त्यानंतर कदाचित आश्रमशाळा. ती आदिवासी विकास विभागाची. मधल्या काळात दिवाळी आटोपली की आईबाप वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर मजुरीला येतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. त्यांच्याबरोबर मुलगीही येते आणि भट्टीजवळच्या एखाद्या शाळेत पाहुण्यासारखी बसते.

या एका मुलीच्या वाट्याला काही वर्षांत चार प्रकारचे शिक्षक येतात. प्रत्येकाला तिच्याविषयी काहीतरी ठाऊक असते. तिला गाणी पाठ आहेत हे सेविकेला ठाऊक असते. ती बोटांवर भराभर हिशेब करते हे पाड्यावरच्या गुरुजींना ठाऊक असते. घरापासून दूर आल्यावर ती रात्री जागी राहते हे आश्रमशाळेतल्या बाईंना ठाऊक असते. पण हे चौघे शिकणे-शिकवणे या विषयावर एका चटईवर बसले आहेत, असे दृश्य क्वचितच दिसते. विभाग वेगळे, साहेब वेगळे, सभा वेगळ्या, प्रशिक्षणे वेगळी. मुलगी सगळ्या भिंती ओलांडते. शिक्षक एकही ओलांडीत नाहीत. मग भट्टीजवळच्या शाळेतले गुरुजी तिच्या वहीकडे पाहून ‘मंद आहे’ असा शेरा मारतात. ती मंद नसते. ती ज्या भाषेत हुशार आहे ती भाषा गुरुजींच्या गोतावळ्यात कोणी बोलत नाही, एवढेच.

शासनाने बांधलेल्या या भिंतींखेरीज आपण स्वतः बांधलेल्या भिंती आहेत आणि त्या अधिक जाड आहेत. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील शिक्षिका इंग्रजी माध्यमाच्याच शिक्षिकांच्या गटात असते. मराठी माध्यमाची शाळा पटसंख्येच्या काळजीत बुडालेली आणि तिचे शिक्षक आपापसांत तीच काळजी उगाळीत बसलेले. पलीकडच्या गल्लीतील उर्दू शाळेत गणित कसे शिकवतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी जाऊन पाहिले आहे? एकाच आवारात अनुदानित तुकडीचे शिक्षक एका टेबलावर डबा उघडतात आणि विनाअनुदानित तुकडीचे, तासिका तत्त्वावरचे, दुसऱ्या टेबलावर. पगाराची पावती जाड असली की मताला वजन येते, हा हिशेब कोणी शिकवलेला नाही, पण सर्वांना पाठ आहे. आठवड्यातून एखादे दिवशी येणारा फिरता विशेष शिक्षक कोपऱ्यात तीन मुलांना घेऊन बसतो आणि निघून जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. अध्ययन अक्षमता त्यांत आली. म्हणजे अक्षरे उलटी लिहिणारा, वाचताना ओळ हरवणारा मुलगा आता प्रत्येक शिक्षकाचा विषय झाला. परंतु त्या मुलाविषयी ज्याला खरोखर काही कळते, त्या शिक्षकाला स्टाफरूममध्ये बसायला खुर्ची नसते.

स्त्रियांचे काय? २०२४-२५ च्या यूडायस अहवालानुसार देशातील शिक्षकांची संख्या प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली आणि त्यांत सुमारे ५४ टक्के स्त्रिया आहेत. बहुमत त्यांचे आहे. तरीही शिक्षकांच्या सभेचे फोटो पाहावेत. व्यासपीठावर पुरुषांची रांग, आणि औक्षणाची तबके घेऊन उभ्या असलेल्या बाई. सभा शाळा सुटल्यानंतर ठेवायची, चर्चा रंगली की ती सातपर्यंत ताणायची, आणि घरी स्वयंपाक व लहान मूल असलेली शिक्षिका साडेपाचला उठली की ‘बायकांना व्यावसायिक विकासात रस नसतो’ असा निष्कर्ष काढायचा, ही रीत आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही अन्याय आहे हे सांगावे लागते.

आपला विसरलेला वारसा

हे सर्व पूर्वापार असेच चालत आले आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. महाराष्ट्रात शिक्षणाचे जे जे काही मोलाचे घडले ते गोताबाहेरच्या माणसांकडून शिकण्यातूनच घडले आहे. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाई ज्यांच्याकडे अध्यापनाचे धडे शिकल्या, त्यांत अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधील सिंथिया फरार यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या कामात फातिमा शेख यांचा हात होता. सावित्रीबाईंच्या १८५६ मधील एका पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. माळी समाजातील स्त्री, मुसलमान सहकारी आणि अमेरिकेतून आलेली ख्रिस्ती मिशनरी असा तो गोतावळा होता. आजच्या किती शिक्षकांच्या फोनमध्ये एवढे वैविध्य आढळेल?

त्याच शाळांमधून पुढे एक अधिक धाडसी गोष्ट घडली. मांग समाजातील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. शिकवणाऱ्यांनी एका मुलीचे म्हणणे ऐकून घेतले, ते खोडले नाही, गुळगुळीत केले नाही, चारचौघांपुढे येऊ दिले. विद्यार्थी हाही शिक्षकाचा शिक्षक असू शकतो, हे तत्त्व आपण आता परदेशी पुस्तकांतून शिकत आहोत. ते पुण्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी आचरणात आले होते.

दुसरे उदाहरण याच पालघर जिल्ह्यातले आहे. ताराबाई मोडक या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम शिकल्या. गिजुभाई मूळचे वकील, भाषेने गुजराती. त्यांनी प्रेरणा घेतली ती मारिया मॉन्टेसोरी या इटालियन डॉक्टरबाईंकडून, ज्यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे १९५६ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. रोम, भावनगर, बोर्डी आणि कोसबाड अशी ही साखळी आहे. पण ती तिथे संपली असती तर त्या दोघी आपल्या दृष्टीने केवळ विदुषी ठरल्या असत्या. साखळीचे शेवटचे कडे म्हणजे वारली आईबाप.

आदिवासी मुले बालवाडीत येईनात. का येत नाहीत, याचे उत्तर मॉन्टेसोरींच्या ग्रंथात नव्हते. ते पाड्यावर होते. मुले गुरे राखीत होती, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसल्या होत्या. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, शाळा कुरणावर गेली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. महागड्या साधनांची जागा पाने, बिया, खडे आणि शिंपल्यांनी घेतली. मॉन्टेसोरी पद्धती वारल्यांना शिकवण्यात त्यांचे मोठेपण नव्हते. वारल्यांकडून ती पद्धती दुरुस्त करून घेण्यात होते. त्याच जिल्ह्यात पुढे १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर विधायक संसदेच्या भोंगा शाळा निघाल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराचे खोपटे. शाळेला ते नाव देणाऱ्यांना मूल कुठून येते याचा विसर पडलेला नव्हता.

आणि आम्हां धर्मगुरूंना तर एक उदाहरण याहूनही जवळचे आहे. इटलीत फ्लॉरेन्सच्या उत्तरेस, मुजेल्लोच्या डोंगरात बार्बियाना नावाची एक एवढीशी वस्ती आहे. १९५४ च्या अखेरीस तिथे लोरेन्झो मिलानी नावाचे फादर धर्मग्रामाच्या कामावर पाठवण्यात आले. त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. त्यांतली कित्येक सरकारी शाळेत नापास होऊन घरी बसलेली होती. मोठी मुले लहानांना शिकवीत, सारे मिळून वर्तमानपत्र वाचीत. १९६७ साली त्यांतल्या आठ मुलांनी फादरांच्या मार्गदर्शनाखाली एका शिक्षिकेला उद्देशून पत्राच्या रूपात पुस्तकच लिहिले. शाळा कोणाला नापास करते, त्यांचे बाप काय काम करतात, याची आकडेवारी त्या मुलांनी स्वतः गोळा केली होती. पत्र प्रसिद्ध झाल्यानंतर काही आठवड्यांतच मिलानी वारले. ते पुस्तक जगभर गेले, अनेक भाषांत आले, आणि २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना करण्यासाठी बार्बियानाला गेले.

या पत्राचा आमच्या विषयाशी संबंध असा, की त्यात शाळेबाहेर फेकलेल्या मुलांनी शिक्षिकेच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली आहे. शिक्षकाच्या गोतावळ्यात सर्वांत गैरहजर कोण असेल तर तो नापास झालेला, शाळा सोडून गेलेला विद्यार्थी. यशस्वी माजी विद्यार्थ्याला आपण वार्षिकोत्सवाला बोलावतो, शाल देतो. आठवीत शाळा सोडून बोटीवर गेलेल्या, मिठागरावर गेलेल्या मुलाला कोणी बोलावून विचारले आहे का, की बाबा, आमच्या शिकवण्यात नेमके कुठे तुझे बोट सुटले? आमच्या मते तो शाळेचा सर्वांत मोठा तज्ज्ञ आहे. शाळा कुठे गळते हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

आक्षेप आणि उत्तरे

आता आमच्यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप प्रेमळ आवाजात येतो : ‘फादर, आम्ही सारे शिक्षक. आमच्यात जात, धर्म, माध्यम कुठून आणता?’ आम्ही काहीही आणीत नाही. जे आहे त्याकडे बोट दाखवतो. आमच्या पाहण्यातील एका शिबिरात अंगणवाडी सेविकांना निमंत्रण होते. त्या आल्या. त्यांना चहाचे कप भरण्याचे काम देण्यात आले आणि ‘बालकाचा भाषाविकास’ या विषयावर दीड तास भाषण झाले. ज्या बायका रोज चार वर्षांच्या मुलांशी बोलतात त्या मागे कपबश्या विसळीत होत्या. कोणाच्याही मनात जात नव्हती, द्वेष नव्हता. फक्त त्यांच्याकडून काही शिकता येईल, ही शंकादेखील कोणाला आली नाही. भेदभाव करायला वाईट मन लागत नाही, सवय पुरते.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. ‘चांगल्या शाळेच्या शिक्षकांनी सामान्य शाळांकडून काय शिकावे?’ या प्रश्नाचे उत्तर २०२० साली जगाने दिले. त्या वर्षीचा जागतिक शिक्षक पुरस्कार सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांना मिळाला. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून धडा मुलाच्या घरापर्यंत पोचवण्याची कल्पना त्यांची. पुरस्काराच्या वेळी त्यांच्याविषयी सांगितले गेले की मुलांची घरची भाषा कन्नड असल्याने ते कन्नड शिकले. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ते नऊजण निरनिराळ्या देशांतले होते. गोतावळा वाढवणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही. एकीकडे मुलांच्या घरची भाषा, दुसरीकडे साऱ्या जगातील सहव्यावसायिक. आणि हे ज्याने केले तो फी घेणाऱ्या नामांकित शाळेतला नव्हता.

तिसरा आक्षेप वेळेचा. निवडणुकीचे काम, याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांत शिक्षक पिचून गेला आहे, हे आम्हांला पूर्ण मान्य आहे आणि त्याविरुद्ध तो आवाज उठवील तेव्हा आम्ही त्याच्या बाजूला उभे राहू. पण गोतावळा बदलण्यासाठी अधिक वेळ लागत नाही. आहे तोच वेळ वेगळ्या माणसांबरोबर घालवावा लागतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. ते तास आपण कोणासमवेत भरणार, एवढाच प्रश्न आहे. शेजारच्या शाळांनी मिळून शिकावे, ही सूचना तर १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेच शाळासंकुलाच्या रूपाने केली होती. नव्या धोरणाने तीच पुन्हा मांडली. दोन्हींच्या मधे अर्धे शतक गेले आणि शेजारची शाळा होती तिथेच, कुंपणापलीकडे, राहिली.

चौथा आक्षेप तरुण शिक्षकांचा. ‘आता मोबाइल आहे. आम्ही साऱ्या महाराष्ट्राशी जोडलेले आहोत.’ जोडलेले असणे आणि शिकणे यांत अंतर आहे. तीनशे जणांच्या गटात रोज सकाळी सुविचार येतात, दुपारी शासनाचा निर्णय येतो, संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा. बोलणारे तेच सातआठ असतात. बाकीचे अंगठा दाखवतात. त्यातही समाजमाध्यमांची घडण अशी की ज्याला आपण पसंती दिली त्याच्यासारखेच आणखी पुढे येत राहते. एखाद्या शिक्षिकेने कधी तिच्या मुलांच्या घरातील अन्नाविषयी, सणाविषयी गटावर दोन शब्द लिहिले आणि त्यावर चेष्टा झाली, तर ती पुन्हा लिहीत नाही. मग गट शांत राहतो आणि आपण त्याला एकोपा म्हणतो. यंत्राने दार उघडले हे खरे. उंबरठा मात्र माणसालाच ओलांडावा लागतो.

पाहुणचार नको

या सर्व आक्षेपकांपेक्षा आम्हांला अधिक भीती वाटते ती आमच्याशी ताबडतोब सहमत होणाऱ्यांची. ते लगेच एक कार्यक्रम ठरवतील. ९ ऑगस्टला आदिवासी शिक्षकाला बोलावतील आणि तारपा वाजवणाऱ्यांना उभे करतील. ३ डिसेंबरला दृष्टिहीन शिक्षकाचा सत्कार करतील आणि त्याच्या जिद्दीची कहाणी ऐकून डोळे पुसतील. ३ जानेवारीला आणि ८ मार्चला शिक्षिकांना गुलाबाचे फूल देतील. हा पाहुणचार आहे, समावेश नव्हे. पाहुण्याला आपण ताट वाढतो. स्वयंपाकघरातले निर्णय त्याला विचारून घेत नाही.

आदिवासी शिक्षकाला त्याच्या आदिवासीपणाविषयीच का विचारायचे? भागाकार तो कसा शिकवतो, ते विचारावे. तीन इयत्ता एका खोलीत सांभाळणारे द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी वेळापत्रक कसे आखतात, हे तीन तुकड्या आणि बारा शिक्षक असलेल्या शाळेला ठाऊक नाही. दृष्टिहीन शिक्षक फळ्याविना भूमिती समजावतो तेव्हा तो नेमके कोणते शब्द वापरतो, हे ऐकले तर डोळस मुलांचीही भूमिती सुधारेल. उर्दू शाळेतील बाई उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या मुलाला संख्या डावीकडून उजवीकडे लिहायला कसे शिकवतात, हा केवढा सुंदर शैक्षणिक प्रश्न आहे! या माणसांना आपल्या दुःखाचे साक्षीदार म्हणून बोलावणे हा त्यांचा नवा अपमान आहे. त्यांना कसबी म्हणून बोलवावे, आणि त्यांनी आपल्या पद्धतीत खोट काढली तर ती ऐकण्याची तयारी ठेवून बोलवावे.

करावयाचे काय

ज्या शाळा ख्रिस्ती संस्था चालवतात त्यांच्या व्यवस्थापकांपुढे आम्ही काही साध्या सूचना ठेवतो. त्यांना निधी लागत नाही, शासनाची परवानगी लागत नाही.

प्रत्येक शिक्षकाने एका कागदावर पाच नावे लिहावीत : गेल्या वर्षभरात शिकवण्याविषयी ज्यांच्याकडून तो काही शिकला त्यांची. मग त्या नावांपुढे माध्यम, भाषा, धर्म, समाज, स्त्री की पुरुष, पगारी की मानधनावर, असे लिहावे. कागद कोणाला दाखवू नये. पाचही ओळी सारख्या निघाल्या, तर पुढे काय करायचे ते त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

प्रत्येक शाळेने आपल्या आसपासच्या जिल्हा परिषदेच्या वा पालिकेच्या शाळेशी, दुसऱ्या माध्यमाच्या शाळेशी आणि अंगणवाडीशी शिकण्याचे नाते जोडावे. एकमेकांच्या वर्गात जाऊन बसावे. बैठक दर वेळी ज्यांचे सभागृह मोठे त्यांच्याकडेच नको. अंगणवाडीच्या ओट्यावरही व्हावी. खुर्च्या कमी पडल्या तर सर्वांनी खाली बसावे. बैठक शाळेच्या वेळेत व्हावी, म्हणजे शिक्षिकांना घर आणि शिकणे यांत निवड करावी लागणार नाही. मानधनावरच्या आणि विनाअनुदानित शिक्षकांना येण्याजाण्याचा खर्च द्यावा. हार, नारळ आणि शाली यांवर होणारा खर्च त्यासाठी पुरेसा आहे.

विषय कोणी ठरवायचा, हेही ठरलेले असावे. ज्याचा आवाज सर्वांत कमी ऐकला जातो, त्याच्या प्रश्नाने बैठक सुरू व्हावी. आणि ज्या शाळेत वारली, कातकरी वा अन्य बोली बोलणारी मुले आहेत, तिने त्या मुलांच्या आईबापांपैकी एकाला शिक्षकांना बोली शिकवण्यासाठी बोलवावे आणि त्याच्या त्या दिवसाची मजुरी द्यावी. शिकवणाऱ्याला मोबदला देणे ही उपकाराची गोष्ट नसते, हे शिक्षकांहून अधिक कोणाला कळावे?

यातून मतभेद होतील, हे आम्ही नाकारीत नाही. वेगळी माणसे एकत्र बसली की शब्दाला शब्द लागतो. गोतातल्या सभेत तसे होत नाही, कारण तिथे सगळ्यांना आधीच सगळे ठाऊक असते; म्हणूनच तिथे कोणी काही शिकत नाही. ज्या बैठकीतून शिक्षक थोडा अस्वस्थ होऊन परत येतो, तीच त्याच्या सोमवारच्या वर्गात उपयोगी पडते.

आपल्या शाळांचे दरवाजे सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडे आहेत, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते बव्हंशी खरेही आहे. परंतु मुलांना दार उघडले आणि त्या मुलांच्या घरांची, भाषांची, व्यंगांची ओळख असलेल्या माणसांना शिक्षकांच्या चटईवर जागा दिली नाही, तर आपण मुलांना केवळ आत कोंडले असा त्याचा अर्थ होईल. मूल वेगळेपण घेऊन वर्गात येते. त्या वेगळेपणाशी बोलण्याची भाषा शिक्षकाला शिकवणारा कोणीतरी हवा आणि तो त्याच्या गोतात सापडणार नाही. स्वतःहून वेगळ्या माणसापुढे ज्याला विद्यार्थी होऊन बसता येत नाही, त्याने वेगळ्या मुलापुढे शिक्षक म्हणून उभे राहू नये.